घरच्या हिरवळीवरील बुरशीजन्य रोग : खानदेशातील नवख्यांसाठी ओळख आणि उपचार

पावसाळा स्थिरावला की जळगाव, धुळे, नंदुरबार परिसरातील घरांपुढची हिरवळ भराभर वाढते आणि श्रावणातील झड लागली की तिच्यावर पहिले तपकिरी चट्टे दिसू लागतात. बहुतेक घरी त्यानंतर चट्ट्याचा फोटो मोबाइलवर काढला जातो, जवळच्या कृषी सेवा केंद्रातून बुरशीनाशकाची पुडी येते आणि त्याच संध्याकाळी ती फवारली जाते. हा क्रम चुकीचा आहे. पुष्कळदा तो चट्टा बुरशीचा नसतोच. असला तरी आणलेले औषध त्या बुरशीवरचे नसते. आणि दोन्ही जुळून आले तरी ज्या ओलीमुळे रोग आला ती तशीच राहिल्याने पंधरा दिवसांत चट्टे पुन्हा उमटतात. म्हणून आधी खात्री करावी, मग ओल आवरावी आणि औषधाकडे सर्वांत शेवटी वळावे.

रोग कशामुळे उद्भवतो

हिरवळीला रोग आणणाऱ्या बुरशी मातीत आणि कुजणाऱ्या काडीकचऱ्यात बाराही महिने असतात. त्या बाहेरून येत नाहीत, अनुकूल वेळ येताच जाग्या होतात. ही वेळ ठरवणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पान सलग किती तास ओले राहते. रात्रीचे तापमान २० अंशांच्या वर आहे आणि पाते संध्याकाळपासून सकाळपर्यंत दहा-बारा तास ओले आहे, अशा दोन-तीन रात्री लागोपाठ आल्या की बुरशीला एवढे पुरते.

तापी, गिरणा, पांझरा यांच्या खोऱ्यांतील काळ्या मातीत ही अडचण वाढते. ही माती पाणी हळू पिते आणि घेतलेले पाणी लवकर सोडत नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती चिकट होऊन तिच्यातली हवा संपते. घर बांधताना पडलेला मुरूम, सिमेंटचा चुरा आणि विटांचे तुकडे यांवर वीतभर काळी माती पसरून लॉन लावलेले असेल, तर वरचा थर चिखल आणि खालचा थर दगड अशी अवस्था होते. अशा जागी निचरा सुधारल्याशिवाय कोणतेही औषध टिकाऊ गुण देत नाही.

पहिली पायरी : हा रोगच आहे का?

पाहणी सकाळी सूर्य वर येण्यापूर्वी, दव असतानाच करावी. पुष्कळ बुरशींचे पांढरे, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे फक्त त्याच वेळी दिसतात आणि ऊन लागताच विरून जातात. नऊ वाजता पाहणाऱ्याला फक्त वाळलेले गवत दिसते, आणि वाळलेले गवत कशानेही वाळू शकते.

चट्ट्याच्या मधोमध पाहू नये, तिथले गवत मेलेले असते आणि त्यावर नंतर आलेली दुय्यम बुरशीही वाढलेली असते. जिथे हिरवे संपते आणि तपकिरी सुरू होते त्या कडेशी बसावे, पाच-सहा पाती मुळाजवळून काढावीत आणि भिंगातून पाहावीत. मोबाइलचा कॅमेराही जवळून चांगले दाखवतो. पात्यावर रंगीत किनार असलेले ठिपके, बुडाशी मऊ कुज किंवा बोटाला लागणारी पूड यांपैकी काही आढळले तर बुरशीचा संशय पक्का होतो. पात्यावर काहीच डाग नसून ते एकसारखे वाळले असेल, तर कारण बहुधा वेगळे असते.

ही वेगळी कारणे खानदेशात फार आढळतात, म्हणून त्यांच्याकडे नीट लक्ष द्यावे. चट्ट्यावरचे गवत मुठीत धरून ओढावे. ते मुळांसकट सैल उचलले गेले आणि खाली पांढरट, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या अळ्या दिसल्या, तर ती हुमणी आहे. मातीचे बारीक बोगदे दिसले तर वाळवी. चट्टा लहान, मधोमध पेंढ्याच्या रंगाचा आणि भोवती गर्द हिरवी कडा असेल, तर तिथे कुत्र्याने लघवी केलेली असते. युरिया मुठीने फेकला गेल्यास किंवा दमट पात्यावर पडल्यास फेकीच्या दिशेने भाजल्याचे पट्टे उमटतात. मशीनचे पाते बोथट असेल तर प्रत्येक पात्याचे टोक चिंध्या झाल्यासारखे पांढरट दिसते आणि दुरून सबंध लॉन आजारी वाटते.

चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर आणखी एक फसवा पिवळेपणा येतो. नवी पाने पिवळी पडतात, त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहतात आणि ठिपका कुठेच नसतो. ही लोहाची कमतरता आहे. यावर एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट घेऊन थंड वेळी फवारावे, मात्र ते फरशीवर किंवा ओट्यावर पडू देऊ नये, कारण त्याचे तांबूस डाग निघत नाहीत. आणि डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे कडाक्याची थंडी पडते तेव्हा हरळी सगळीकडे सारखी पिवळसर होऊन वाढ थांबवते. ही तिची हिवाळी विश्रांती आहे, तिच्यावर औषध मारणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

शंका उरलीच तर घरी एक सोपी चाचणी होते. कडेची दहा-बारा पाती ओलसर कागदावर ठेवून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावीत आणि घरात सावलीत एक-दोन दिवस ठेवावीत. कापसासारखे धागे फुटले तर बुरशी आहे हे कळते. मात्र मेलेल्या पात्यावर साध्या कुजवणाऱ्या बुरशीही उगवतात, त्यामुळे ही चाचणी जिवंत, नुकत्याच डागाळलेल्या पात्यांवरच करावी.

दुसरी पायरी : कोणती बुरशी आहे?

आपल्याकडे लॉनसाठी बहुधा हरळीचे निवडक वाण लावतात. मेक्सिकन किंवा कोरियन नावाने विकले जाणारे दाट, मऊ गवत बहुधा झॉयसिया वर्गातले असते. दोघांचे रोग बरेचसे सारखे आहेत. सगळ्या बुरशींची शास्त्रीय नावे पाठ करण्याची गरज नाही, पण पुढची पाच-सहा लक्षणे ओळखता आली तर दुकानात योग्य औषध मागता येते.

रायझोक्टोनिया या बुरशीमुळे होणारा तपकिरी चट्टा सर्वांत ठळक दिसतो. तो वाटोळा असतो, वीतभरापासून मीटरभरापर्यंत पसरतो आणि सकाळी त्याच्या कडेला कधी कधी धुरकट, काळपट कडे दिसते. पात्याचा बुंधा तपकिरी व मऊ होतो आणि हलके ओढताच पाते हातात येते, मूळ मात्र जमिनीतच राहते. हुमणीच्या चट्ट्यात गवत मुळांसकट येते. या एका फरकावरून दोन्ही वेगळे ओळखता येतात. दमट उकाडा, घट्ट साचलेला काडीकचरा आणि नुकताच दिलेला भरपूर युरिया असेल तर हा रोग जोर धरतो.

याच्या उलट स्वभावाचा रोग म्हणजे डॉलर स्पॉट. याचे चट्टे नाण्याएवढे ते हाताच्या तळव्याएवढे, फिकट पेंढ्याच्या रंगाचे असतात आणि अनेक एकत्र आले की मोठे ठिगळ होते. एकेका पात्यावर फिकट आडवा डाग आणि त्याला तांबूस-तपकिरी किनार दिसते. दिवसा ऊब, रात्री गारवा आणि पहाटे भरपूर दव अशा दिवसांत, म्हणजे पाऊस ओसरल्यावर आणि पुन्हा थंडी सरताना, तो येतो. आणि तो उपाशी, नत्र कमी मिळालेल्या हिरवळीवर जास्त येतो. म्हणजे तपकिरी चट्ट्याला युरिया थांबवायचा आणि डॉलर स्पॉटला थोडा द्यायचा. ओळख चुकली की उपचार नेमका उलटा होतो, म्हणून इथे घाई करू नये.

पानांवरचे ठिपके गर्द तपकिरी किंवा जांभळट असतात, वाढत्या ठिपक्याचा मधला भाग फिकट पडतो आणि हळूहळू हिरवळ विरळ होते. हा बायपोलॅरिस आणि कर्व्ह्युलॅरिया यांसारख्या बुरशींचा करपा आहे. तांबेरा ओळखायला सर्वांत सोपा: पांढरा रुमाल गवतावरून फिरवला की त्यावर नारिंगी पूड येते. हरळीवर तो वाढ मंदावलेली असताना आणि सावलीत अधिक दिसतो.

ज्याच्या बाबतीत वेळ घालवता येत नाही असा रोग एकच, पिथियम. पाणी तुंबलेल्या जागी, उकाड्यात, गवत तेल लावल्यासारखे काळपट आणि चिकट होऊन आडवे पडते, पहाटे त्यावर कापसासारखा पांढरा थर असतो आणि चट्टे पाण्याच्या उताराने किंवा मशीनच्या चाकामागे लांबट पट्ट्यांत पसरतात. दोन-तीन दिवसांत मोठा भाग जाऊ शकतो. शास्त्रदृष्ट्या पिथियम खरी बुरशी नाही, म्हणून नेहमीची अनेक बुरशीनाशके त्याच्यावर चालत नाहीत.

पावसानंतर उगवणाऱ्या कुत्र्याच्या छत्र्या जमिनीत गाडलेले लाकूड किंवा जुन्या झाडाची मुळे कुजत असल्याचे सांगतात. त्यांना औषधाची गरज नसते, पण हिरवळीत सर्रास उगवणारी, मोठ्या पांढऱ्या टोपीची आणि पिकल्यावर खालचे पापुद्रे हिरवट होणारी एक छत्री विषारी आहे. लहान मुले आणि कुत्री अंगणात असतील तर हातमोजे घालून रोज सकाळी सगळ्या छत्र्या उपटून टाकाव्यात. गवताच्या पात्यांवर राखेसारखा करडा थर एका रात्रीत आला तर तो चिकट कवकाचा असतो. झाडूने झटकला की जातो.

तिसरी पायरी : ओल आवरणे

इथेच खरा उपचार आहे आणि इथेच बहुतेक जण कंटाळा करतात. पाणी पहाटे पाच ते सकाळी आठ या वेळेतच द्यावे, म्हणजे उन्हाने पाती लवकर सुकतात. आपल्याकडे अनेक गावांत नळ रोज येत नाही आणि आला तरी संध्याकाळी येतो, म्हणून पाइप थेट गवतात सोडण्याची सवय लागते. त्याऐवजी ते पाणी टाकीत घेऊन ठेवावे आणि सकाळी द्यावे. पावसाळ्याच्या अखेरीस ही एक सवय बदलली तरी निम्मे रोग आपोआप थांबतात, असे माझे ठाम मत आहे.

रोज थोडे शिंपडण्यापेक्षा जमीन सुकू लागल्यावर भरपूर पाणी देणे हिताचे असते. बोट जमिनीत दोन पेर जाऊन माती ओलसर पण न चिकटणारी लागली, तर अजून थांबावे. एका पाळीत अंदाजे अडीच सेंटिमीटर पाणी पुरते. एक हजार चौरस फुटांना ते सुमारे २३०० लिटर होते. गवतात दोन-तीन रिकामे डबे ठेवले की किती पाणी पडले हे मोजता येते. काळी माती एका दमात एवढे पीत नसल्याने ते दोन टप्प्यांत, मध्ये अर्धा तास थांबून द्यावे. उन्हाळ्यात पाण्याची चणचण असते हे मान्य करूनच सांगतो, की सगळे लॉन अर्धवट भिजवण्यापेक्षा निम्मे लॉन नीट जगवणे शहाणपणाचे आहे.

दवाच्या दिवसांत सकाळी एक लांब दोरी दोघांनी दोन टोकांना धरून गवतावरून ओढत न्यावी किंवा खराटा हलका फिरवावा. पात्यांवरचे दव खाली पडते आणि ओलीचे दोन-तीन तास कमी होतात. डॉलर स्पॉटवर हा उपाय चांगला लागू पडतो.

कापणीचे नियम थोडे आहेत, पण ते मोडू नयेत. हरळी तीन-चार सेंटिमीटरच्या खाली कापू नये, एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त काढू नये आणि गवत ओले असताना मशीन लावू नये. रोग असेतो निरोगी भाग आधी आणि रोगट भाग शेवटी कापावा, कापलेले गवत गोळा करावे आणि मशीनचे पाते धुऊन पुसावे. हे गवत खतखड्ड्यात न टाकता वेगळे पुरावे.

हिरवळीच्या बुडाशी मेलेल्या काड्यांचा थर बोटभर जाडीपेक्षा जास्त झाला असेल, तर तो दाताळ्याने ओढून काढावा. नंतर बागेच्या काटेरी फावड्याने दर वीतभर अंतरावर चार-पाच इंच खोल भोके पाडावीत आणि त्यांत चाळलेली नदीची वाळू व कुजलेले शेणखत यांचे मिश्रण झाडूने लोटावे. हे काम पावसाळ्यापूर्वी किंवा पाऊस उघडल्यावर, हरळी जोमात असताना करावे. कडक थंडीत किंवा मेच्या उन्हात केल्यास गवत सावरत नाही. पाणी तुंबणाऱ्या कोपऱ्यातून बाहेर उतार काढून द्यावा. डॉलर स्पॉट किंवा तांबेरा असेल तर शंभर चौरस फुटांना २० ते २५ ग्रॅम युरिया कोरड्या पात्यावर एकसारखा टाकून लगेच पाणी द्यावे. इतर रोगांत चट्टे थांबेपर्यंत नत्र देऊ नये.

जैविक उपायांमध्ये ट्रायकोडर्मा उपयोगी आहे, पण तो रोग येण्याआधीचा उपाय आहे. एक किलो ट्रायकोडर्मा शंभर किलो ओलसर, कुजलेल्या शेणखतात मिसळून सावलीत गोणपाटाखाली आठवडाभर ठेवावा आणि मग हिरवळीवर पातळ पसरावा. त्याच्या आगेमागे पंधरा दिवस रासायनिक बुरशीनाशक देऊ नये, कारण ट्रायकोडर्मा स्वतः एक बुरशीच आहे.

चौथी पायरी : औषध

आठ-दहा दिवस ओल आवरूनही चट्ट्यांच्या कडा पुढे सरकत असतील, तर औषध घ्यावे. पिथियमचा संशय असेल तर मात्र थांबू नये. शक्य असल्यास फवारणीपूर्वी नमुना दाखवावा: चट्ट्याच्या कडेवरून अर्धे निरोगी व अर्धे रोगट असे वीतभर चौकोनी ढेकूळ मुळांसकट काढून वर्तमानपत्रात गुंडाळावे आणि त्याच दिवशी न्यावे. धुळ्याचे कृषी महाविद्यालय, तसेच पाल, ममुराबाद, धुळे आणि नंदुरबारजवळील कोळदे येथील कृषी विज्ञान केंद्रे आपल्या भागात आहेत. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर मराठीत विचारता येते.

दुकानात बुरशी म्हटले की सर्रास कार्बेन्डाझिम हाती दिले जाते. ते डॉलर स्पॉट आणि तपकिरी चट्ट्यावर काही प्रमाणात चालते, पिथियमवर अजिबात चालत नाही आणि बायपोलॅरिसच्या करप्यावरही त्याचा उपयोग नाही. शिवाय तेच ते वापरल्यास बुरशी त्याला लवकर सरावते. करपा आणि तांबेऱ्यासाठी मॅन्कोझेब ७५ टक्के, लिटरला २ ते २.५ ग्रॅम, हे साधे आणि भरवशाचे आहे. डॉलर स्पॉट व तांबेऱ्यावर प्रोपिकोनॅझोल २५ टक्के, लिटरला १ मिली, चांगले काम करते; रावेर-यावलकडे केळीच्या करप्यासाठी वापरतात तेच हे औषध. केळीसाठी त्यात खनिज तेल मिसळतात, ते हिरवळीसाठी मिसळू नये, उन्हात पाती भाजण्याचा धोका असतो. तपकिरी चट्ट्यासाठी ॲझॉक्सिस्ट्रोबिन २३ टक्के, लिटरला १ मिली, परिणामकारक आहे, मात्र डॉलर स्पॉटसाठी त्यावर अवलंबून राहू नये. पिथियमसाठी मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेब यांचे तयार मिश्रण लिटरला २ ते २.५ ग्रॅम घ्यावे आणि ते मुळांपर्यंत पोहोचेल इतके पाणी वापरावे.

डब्यावरच्या माहितीपत्रकात बहुधा पिकांची नावे असतात, लॉनचे नसते. त्यामुळे ही मात्रा तज्ज्ञाला विचारून पक्की करावी, आधी एका कोपऱ्यात फवारून दोन दिवस पाहावे आणि मगच सगळीकडे फवारावे. एक हजार चौरस फुटांना पानांवरच्या फवारणीसाठी आठ ते दहा लिटर द्रावण पुरते. चट्टा आणि त्याभोवतीचा दोन-तीन फुटांचा निरोगी पट्टा फवारावा. वारा नसताना, सकाळी दव सुकल्यावर किंवा ऊन उतरताना पाती सुकायला वेळ उरेल अशा बेताने काम करावे. दिवसभरात पावसाची शक्यता असेल तर पुढे ढकलावे. दुसरी फवारणी लागली तर पंधरा दिवसांनी आणि वेगळ्या गटातील, म्हणजे बुरशीवर वेगळ्या प्रकारे काम करणाऱ्या औषधाची करावी.

शेतातला पाठीवरचा पंप उसना आणण्याआधी त्यातून तणनाशक मारले होते का हे आवर्जून विचारावे. ग्लायफोसेटचा उरलेला अंश हरळी जाळतो, टू-फोर-डीचा अंश तुळस आणि मोगऱ्याला मारायला पुरतो. साध्या धुण्याने तो पूर्ण जात नाही, म्हणून घरच्या बागेसाठी पाच लिटरचा वेगळा पंप घेणे केव्हाही बरे.

फवारताना हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत आणि डोळे जपावेत. पंप धुतलेले पाणी विहिरीच्या किंवा बोअरच्या जवळ टाकू नये. चोवीस तास मुले आणि पाळीव प्राणी हिरवळीवर जाऊ देऊ नयेत आणि कापलेले गवत गाई-शेळ्यांना घालू नये. एक गोष्ट मात्र हमखास विसरली जाते. रोगाचा हंगाम आणि गणपतीचे दिवस एकच, आणि अंगणातली हरळी म्हणजेच दूर्वा. फवारलेल्या लॉनमधल्या दूर्वा पूजेसाठी खुडू नयेत, त्यांचा रस तर अजिबात घेऊ नये, आणि सकाळी फुले-दूर्वा खुडायला येणाऱ्या शेजाऱ्यांनाही तसे आधीच सांगून ठेवावे.

पाचवी पायरी : उघडे पडलेले भाग भरणे

औषधाने वाळलेले पाते हिरवे होत नाही. चट्ट्याची कडा पुढे सरकणे थांबले आणि आत नवे कोंब दिसू लागले, तर उपचार लागू पडला असे समजावे. हरळीचे धावते खोड चांगल्या वाढीच्या दिवसांत लहान चट्टे स्वतःच भरून काढते. मोठी जागा उघडी पडली असेल तर मेलेले गवत खरवडून काढावे, वरची दोन इंच माती मोकळी करून उन्हात तापू द्यावी, तिच्यात ट्रायकोडर्मायुक्त शेणखत मिसळावे आणि निरोगी कोपऱ्यातून काढलेल्या हरळीच्या काड्या चार-चार बोटांवर लावाव्यात. ऑक्टोबरनंतर लावलेल्या काड्या थंडीत जागच्या जागी बसून राहतात, म्हणून उशीर झाला असेल तर फेब्रुवारी संपेपर्यंत थांबावे. आंबा, कडुनिंब किंवा घराच्या उत्तरेकडील भिंतीलगत जिथे दिवसाला चार तासही ऊन मिळत नाही, तिथे हरळी दर पावसाळ्यात रोगाला बळी पडते. त्या पट्ट्यात पुन्हा गवत न लावता खडी पसरावी किंवा सावलीत तगणारी कुंडीतली झाडे ठेवावीत.